टेक्स्ट गेम खेळायला बसताय? मग आधी हे वाचून घ्या

पडद्यावर दोन परिच्छेद इंग्रजी मजकूर, त्याखाली > असं चिन्ह आणि लुकलुकणारा कर्सर. बटण नाही, मेनू नाही, चित्र तर नाहीच. टेक्स्ट गेमच्या वाटेला गेलेली बरीच माणसं इथूनच परत फिरतात. जी थांबतात ती चॅटबॉटला विचारावं तसं लांबलचक वाक्य टाइप करतात, गेम म्हणतो 'कळलं नाही', आणि मग तीही फिरतात.

दुसऱ्या टोकाला असे टेक्स्ट गेम आहेत ज्यांत टाइप करायला जागाच नसते. शब्दांवर क्लिक करायचं किंवा चारपैकी एक पर्याय निवडायचा. या सगळ्यांना मिळून नाव मात्र एकच: इंटरॅक्टिव्ह फिक्शन, खेळणाऱ्यांच्या तोंडी नुसतं 'आयएफ'. गेम अवघड आहे म्हणून सोडणारे थोडे असतात. एका जातीचा गेम दुसऱ्या जातीच्या सवयीने खेळून वैतागणारेच जास्त. म्हणून खालचा क्रमही तसाच ठेवलाय: आधी जात ओळखा, मग त्या जातीची रीत शिका, बाकीचं नंतर.

हुकूम मी इथे देवनागरीत लिहिलेत. टाइप मात्र ते रोमन अक्षरांत, इंग्रजीतच करायचे आहेत.

जवळ काय काय लागेल

- ब्राउझर. पार्चमेंट नावाच्या प्लेअरमुळे जुने गेमही थेट ब्राउझरमध्ये उघडतात, काही डाउनलोड करावं लागत नाही.
- शक्य असेल तर खरा कीबोर्ड. फोनवर चालतं, पण टाइप करायच्या गेममध्ये अंगठे दुखतात.
- वही, पेन्सिल, खोडरबर. पेन नको, नकाशा हमखास चुकतो.
- इंग्रजी-मराठी शब्दकोश. जाळीला 'ग्रेटिंग', भिंतीवरच्या दिवादानीला 'स्कॉन्स', कठड्याला 'पॅरापेट' म्हणतात हे शाळेत कोणी शिकवत नाही, आणि गेममध्ये नेमकी त्या जाळीतूनच वाट असते.
- आयएफडीबी. ही २००७ पासून चालू असलेली गेमची ऑनलाइन सूची. प्रत्येक गेमचा लेखक, साल, परीक्षणं आणि जमत असेल तिथे ऑनलाइन खेळायचं बटण. खेळण्यापुरतं खातं काढायची गरज नाही.

यातले बहुतेक गेम फुकट आहेत. गारगॉयल, फ्रॉट्झ असे वेगळे इंटरप्रिटर, म्हणजे गेम चालवणारे प्रोग्राम, लोक सुचवतील. ते चांगलेच आहेत, पण पहिल्या आठवड्यात त्यांच्या मागे लागू नका.

फोनवर खेळणार असाल तर आत्ताच दोन गोष्टी करा. एक, ऑटोकरेक्ट बंद करा, नाहीतर 'एक्स' या एकाक्षरी हुकमाचं ते भलतंच काही करून ठेवतं. दोन, मराठी कीबोर्डवरून इंग्रजीवर या. आपल्यापैकी अनेकांचा कीबोर्ड रोमन अक्षरं टाइप केली की लगेच देवनागरी करून देतो. गेमला त्यातलं काही वाचता येत नाही, आणि तो कारणही धड सांगत नाही.

१. गेम कोणत्या जातीचा आहे ते आधी ओळखा

पहिला पडदा नीट पाहिलात तर कळतं.

खाली > आणि कर्सर असेल तर तो पार्सर गेम. तुम्ही हुकूम टाइप करता आणि पार्सर नावाचा प्रोग्रामचा भाग त्याचा अर्थ लावतो. ही सगळ्यात जुनी जात. विल क्राउदर यांनी १९७५-७६ च्या सुमारास केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या गुहांवर बेतलेला 'ॲडव्हेंचर' लिहिला, १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी तो वाढवला, आणि त्याच सुमारास एमआयटीमधल्या चौघांनी 'झॉर्क' लिहायला घेतला. इन्फोकॉम ही कंपनी १९७९ मध्ये निघाली ती त्यातूनच.

मजकुरातले काही शब्द वेगळ्या रंगात असतील आणि टाइप करायला जागा नसेल, तर तो हायपरटेक्स्ट गेम. हे बहुधा ट्वाइनमध्ये केलेले असतात. ट्वाइन हे क्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये आणलेलं, गेम लिहायचं साधन.

परिच्छेदाखाली तीन-चार पूर्ण वाक्यांचे पर्याय, बाजूला गोल खुणा आणि खाली 'नेक्स्ट' असेल तर तो बहुतेक चॉइसस्क्रिप्ट या दुसऱ्या साधनात केलेला. तो वरवर ट्वाइनसारखाच वाटतो, पण आतून हिशेबी असतो. त्याबद्दल पुढे बोलू.

शिवाय मधले प्रकार आहेत. टेक्स्चर नावाच्या साधनात पडद्याच्या तळाशी क्रियापदं असतात आणि ती बोटाने ओढून मजकुरातल्या शब्दांवर नेऊन सोडायची. रॉबिन जॉन्सन यांचा 'डिटेक्टिव्हलँड' (२०१६) वृत्तीने पूर्ण पार्सर गेम आहे, पण त्यात टाइप काहीच करायचं नाही, वस्तूंच्या बटणांवर क्लिक करायचं. 'फॉलन लंडन' (२००९) ब्राउझरमध्ये रोज थोडं थोडं खेळायचं. त्यात ठरावीक कृती संपल्या की त्या पुन्हा भरेपर्यंत थांबावं लागतं. चहाबरोबर दहा मिनिटं खेळणाऱ्यांना तो मानवतो, रात्रभर बसणाऱ्यांना अजिबात नाही.

२. पार्सरला हुकूम द्यायला शिका

'मला ती छोटी पेटी उघडून आत काय आहे ते पाहायचंय' हे पार्सरला कळत नाही. त्याला तारेची भाषा लागते: आधी क्रियापद, मग वस्तू. 'ओपन बॉक्स'. गरज असेल तरच पुढे आणखी एक वस्तू: 'अनलॉक डोअर विथ की'. सुरुवातीला 'मी' नको, 'प्लीज' नको, 'हळूच' तर मुळीच नको.

रोजच्या वापरातले हुकूम इतकेच आहेत:

- फिरण्यासाठी दिशांची आद्याक्षरं: एन, एस, ई, डब्ल्यू, मधल्या दिशांसाठी एनई, एसडब्ल्यू वगैरे. वर यू, खाली डी. शिवाय इन आणि आउट.
- एल (लुक): खोलीचं वर्णन पुन्हा.
- एक्स आणि वस्तूचं नाव (एक्झॅमिन): वस्तू नीट बघणं. अर्धा गेम यातच असतो.
- आय (इन्व्हेंटरी): तुमच्याजवळ काय काय आहे.
- टेक, ड्रॉप, ओपन, क्लोज, रीड, पुश, पुल, टर्न ऑन, वेअर, गिव्ह, शो.
- झेड: एक खेळी नुसतं थांबणं. जी: मागचा हुकूम पुन्हा.
- अनडू, सेव्ह, रिस्टोअर.
- अबाउट किंवा हेल्प: नवा गेम उघडला की सगळ्यात आधी हेच टाइप करा. या गेममध्ये काही वेगळे हुकूम असतील तर लेखक ते इथेच सांगून ठेवतो.

हात बसवायला 'झॉर्क १' ची पहिली दहा मिनिटं उत्तम. तुम्ही एका पांढऱ्या घराच्या पश्चिमेला उभे आहात, समोरचं दार फळ्या ठोकून बंद केलंय आणि जवळ एक टपालपेटी आहे. 'ओपन मेलबॉक्स' केलंत की आत पत्रक सापडतं, मग 'रीड लीफलेट'. दाराशी झटापट करून उपयोग नाही. उत्तरेला जाऊन पूर्वेला वळा, म्हणजे घराच्या मागे याल. तिथे एक खिडकी किंचित उघडी आहे. ती उघडून आत शिरलात की स्वयंपाकघर, आणि पश्चिमेला बैठकीच्या खोलीत तलवार, कंदील आणि गालिचा. 'मूव्ह रग' केलं की खाली तळघराचं झाकण दिसतं. उतरण्याआधी कंदील लावा. अंधारात ग्रू नावाचा प्राणी खाऊन टाकतो, आणि हा विनोद टेक्स्ट गेमच्या जगात इतका मुरलाय की पुढे दहा ठिकाणी भेटेल.

इथून पुढे 'झॉर्क' पहिल्याच दमात पुरा करायचा हट्ट धरू नका. कंदिलाची बॅटरी संपते, चोर वस्तू पळवतो, आणि कधी कधी तुम्ही तासाभरापूर्वीच हरलेले असता पण तुम्हाला पत्ता नसतो. तो त्या काळचा शिरस्ता होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याच्या तिन्ही भागांचा सोर्स कोड खुल्या परवान्याखाली दिला. त्यामुळे उत्सुक लोकांनी आतलं यंत्रही बघावं, पण ते खेळून झाल्यावर.

पुरा करायला पहिला गेम म्हणून ॲडम केडर यांचा 'नाइन-ओ-फाइव्ह' (२०००) घ्या. सकाळी फोन वाजतो, तुम्ही अंथरुणात. उठा, फोन घ्या, आवरा, बाहेर पडा. रोजच्या कामांचेच हुकूम असल्यामुळे क्रियापदं आपोआप सुचतात आणि पंधरा-वीस मिनिटांत गेम संपतो. संपल्यावर लगेच दुसऱ्यांदा खेळा. का, ते मी सांगणार नाही. त्यानंतर अँड्र्यू प्लॉटकिन यांचा 'द ड्रीमहोल्ड' (२००४). हा नवख्यांसाठीच लिहिलेला असून खेळताना मध्येमध्ये शिकवणीच्या सूचना देत राहतो.

चॅटबॉटची सवय असलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. 'एआय डंजन'सारख्या (२०१९) गेममध्ये तुम्ही 'मी आकाशात उडतो' म्हणालात की तो उडवतो, कारण समोर भाषेचं मॉडेल आहे आणि ते शब्दामागून शब्द जुळवत जातं. पार्सर गेममध्ये जग आधीच बांधून ठेवलेलं असतं. किल्ली या खोलीत असेल तर इथेच आहे, नसेल तर कितीही लाडीगोडी लावा, येणार नाही. मला स्वतःला दुसरा प्रकार आवडतो. जे काही म्हणाल त्याला हो म्हणणाऱ्या जगात कोडं सुटल्याचा आनंद कुठून येणार?

३. गेम नाही म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणतो ते वाचा

हा भाग कोणी समजावून सांगत नाही आणि सगळ्यात जास्त कामाचा हाच आहे. नवखा खेळाडू प्रत्येक नकार सारखाच मानतो. मुरलेला खेळाडू नकाराच्या शब्दांवरून पुढची खेळी ठरवतो.

इन्फॉर्म या भाषेत लिहिलेल्या गेममध्ये (ग्रॅहम नेल्सन यांनी ती १९९३ मध्ये आणली आणि असंख्य पार्सर गेम तिच्यात आहेत) साधारण असे नकार मिळतात:

'हे क्रियापद मला माहीत नाही' अशा अर्थाचं उत्तर आलं तर वस्तूला हात लावू नका, फक्त क्रियापद बदला. 'इन्स्पेक्ट' चालत नसेल तर 'एक्स', 'ग्रॅब' चालत नसेल तर 'टेक'.

'अशी कोणतीही गोष्ट दिसत नाही' आलं तर क्रियापद बरोबर आहे, वस्तूचं नाव चुकलंय किंवा ती वस्तू गेमच्या दृष्टीने तिथे नाहीच. वर्णनात जो शब्द होता तोच जसाच्या तसा टाइप करून पाहा. मजकुरात 'लँटर्न' असताना तुम्ही 'लाइट' म्हणत असाल.

'इथपर्यंतच कळलं' असं म्हणून तुमचंच अर्धं वाक्य परत दिलं, तर तेवढा भाग बरोबर आहे. शेपूट छाटा.

'ते जागचं हलत नाही' आलं तर खूश व्हा. वस्तू खरी आहे, फक्त उचलता येत नाही. ढकला, ओढा, तिच्याखाली बघा, मागे बघा.

'त्याची तुम्हाला गरज नाही' आलं तर तो देखावा. सोडून द्या.

इन्फोकॉमच्या जुन्या गेममध्ये याहून मजेदार प्रकार आहे. अनोळखी शब्दाला ते 'हा शब्द मला माहीत नाही' असं सरळ सांगतात, पण ओळखीचा असूनही ती वस्तू समोर नसेल तर 'ते इथे दिसत नाही' म्हणतात. म्हणजे पुढे कुठेतरी ती वस्तू आहे, हे गेम स्वतःच फोडतो! काही खेळाडू मुद्दाम निरनिराळे शब्द टाकून पुढच्या वस्तूंचा अंदाज घेतात. मी याला फसवणूक मानत नाही, काहीजण मानतात. 'झॉर्क'च्या वेळच्या गेममध्ये शब्दाची फक्त पहिली सहा अक्षरं तपासली जायची, त्यामुळे लांब शब्द अर्धवट टाइप केले तरी चालतात.

योग्य कल्पना सुचूनही योग्य क्रियापद सापडत नाही, याला खेळाडू 'गेस द व्हर्ब' म्हणतात. आजच्या चांगल्या गेममध्ये हे कमी होतं. ॲडमिरल जोटा या टोपणनावाने लिहिलेल्या 'लॉस्ट पिग'मध्ये (२००७) तर तुम्ही काहीही वेडंवाकडं करा, बहुतेक गोष्टींना लेखकाने उत्तर लिहून ठेवलंय. हरवलेलं डुक्कर शोधणारा ग्रंक नावाचा ऑर्क (परीकथांतला राक्षसासारखा प्राणी) स्वतःच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत गोष्ट सांगतो. डुक्कर राहू दे, अर्धा तास नुसते खोडसाळ हुकूम देण्यातही जातो.

४. नकाशा काढा

खोलीला चौकोन, वाटेला रेघ, रेघेवर दिशा. वहीच्या मध्यापासून सुरुवात करा, कोपऱ्यापासून नको. जुन्या गेममध्ये पूर्वेला गेलात म्हणून पश्चिमेने परत याल असं नाही, त्यामुळे रेघेच्या दोन्ही टोकांना दिशा लिहा. सगळ्या खोल्या सारख्याच दिसणारा चक्रव्यूह आला तर प्रत्येक खोलीत एकेक वस्तू टाकत जा, म्हणजे खोल्या ओळखता येतात. नव्या गेममध्ये चक्रव्यूह क्वचितच असतात, आणि ते बरंच झालं.

५. पात्रांशी बोलणं

पार्सरमध्ये बोलण्याच्या दोन पद्धती आहेत. 'टॉक टू' टाइप केल्यावर पर्यायांची यादी आली तर प्रश्न मिटला. नाही आली तर 'आस्क अमुक अबाउट तमुक' आणि 'टेल अमुक अबाउट तमुक'. इथे नवखे पूर्ण प्रश्न लिहितात: 'तू इथे का आलास?' गेमला प्रश्न नको, विषय हवा, एका नाहीतर दोन शब्दांचा. विषय कुठून आणायचे? पात्राच्याच शेवटच्या उत्तरातून. त्यात जे नाम आलं असेल ते उचला आणि त्याबद्दल विचारा. एमिली शॉर्ट यांच्या 'गॅलेटिया'मध्ये (२०००) हे छान शिकता येतं. कलादालनात जिवंत झालेला एक पुतळा आणि तुम्ही, बस इतकंच. कोणत्या क्रमाने काय विचारता त्यावर शेवट बदलतो आणि शेवट पुष्कळ आहेत. पुतळ्याशी किती आदराने वागता यालाही तिथे किंमत आहे.

६. क्लिकच्या गेममध्ये घाई करू नका

सोपं वाटतं म्हणून लोक इथे धडाधड क्लिक करत सुटतात.

ट्वाइनच्या गेममध्ये सगळे दुवे एका कामाचे नसतात. काही पुढच्या पानावर नेतात. काही तिथल्या तिथे मजकूर वाढवतात. काहींवर क्लिक केलं की तो शब्दच बदलतो, आणि पुन्हा क्लिक केलं की आणखी बदलतो, जणू पात्र मनात चाचपडतंय. पान सोडून जाणारा दुवा साधारणपणे शेवटी असतो, पण लेखकाने नियम पाळलाच पाहिजे असं नाही. म्हणून पहिल्या दोन-तीन पानांवर दुवे कसे वागतात ते बघा आणि मगच वेग धरा. बाजूच्या पट्टीत मागे जायचा बाण असेल तर तो बिनधास्त वापरा.

चॉइसस्क्रिप्टची गोष्ट वेगळी. प्रत्येक पर्यायामागे आकडे हलत असतात: धाडस, चातुर्य, कोणाशी किती सलोखा. 'स्टॅट्स' बटणावर ते दिसतात. सापळा असा की आपण भला माणूस म्हणून एकदा शूर, एकदा धूर्त, एकदा प्रेमळ असं खेळतो आणि शेवटी कोणताच आकडा पुरेसा नसल्यामुळे प्रत्येक मोठ्या प्रसंगात हरतो. सुरुवातीलाच दोन गुण ठरवा आणि त्यांना धरून राहा. यात बहुतेक वेळा मागे जाता येत नाही, त्यामुळे पर्याय दोनदा वाचा. चव घ्यायला 'चॉइस ऑफ द ड्रॅगन' फुकट आहे. तुम्ही ड्रॅगन, आणि राजकन्या पळवायची की नाही हा तुमचा प्रश्न.

७. सेव्ह करा, पण कुठे होतंय ते पाहून

पार्सर गेममध्ये एकाच नावावर वारंवार सेव्ह करू नका. 'पूल ओलांडण्याआधी', 'राजाला भेटल्यावर' अशी वेगवेगळी नावं द्या. कारण काही गेम नकळत अशा अवस्थेत जातात जिथून जिंकणं अशक्य असतं. अँड्र्यू प्लॉटकिन यांनी याची पाच पायऱ्यांची पट्टीच बनवली, सगळ्यात सौम्य 'मर्सिफुल' आणि सगळ्यात निर्दय 'क्रुएल'. गेमच्या माहितीत हा शब्द दिला असेल तर आधी तो बघा. 'मर्सिफुल' असेल तर निश्चिंत खेळा. 'क्रुएल' असेल तर दर दहा खेळ्यांनी सेव्ह.

ब्राउझरमधल्या गेमचा सेव्ह बहुधा त्या ब्राउझरच्याच साठ्यात राहतो. हिस्टरी साफ केली, इन्कॉग्निटोमध्ये खेळलात किंवा लॅपटॉपवरून फोनवर आलात की तो गेला. 'सेव्ह टू डिस्क' असा पर्याय दिसला तर फाइल उतरवून ठेवा.

८. अडकलात तर

आधी घरचे उपाय. प्रत्येक खोलीत जाऊन 'एल' करा आणि वर्णनातलं प्रत्येक नाम 'एक्स' करा, मग त्या उत्तरात आलेली नामंही. 'आय' करून जवळच्या वस्तू पाहा, कोणती अजून वापरलीच नाही? 'एक्स मी' करा, स्वतःच्या खिशातलं काही राहिलं असेल.

तरीही नाही जमलं तर 'हिंट' टाइप करून पाहा. चांगल्या गेममध्ये सूचना टप्प्याटप्प्याने उघडतात: आधी नुसता इशारा, मग दिशा, शेवटी सरळ उत्तर. ही पद्धत इन्फोकॉमची. ते 'इन्व्हिझिक्लूज' नावाच्या पुस्तिका विकायचे. त्यांत उत्तरं अदृश्य शाईने छापलेली असत आणि सोबतच्या खास पेनाने एकेक ओळ घासून उमटवायची. पूर्ण उत्तरांची यादी, म्हणजे वॉकथ्रू, शेवटी उघडा. उघडलीत तर अडलेल्या जागेपुरतीच वाचा आणि बंद करा. ती पुढे वाचत जायचा मोह फार वाईट.

अर्थात वॉकथ्रू हातात घेऊनच खेळणारेही आहेत आणि त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. त्यांना कथा हवी असते.

९. तुमची पद्धत शोधा

एकच गेम लोक किती तऱ्हांनी खेळतात ते पाहिलं की गंमत वाटते. कोणी जिंकायचं विसरून प्रत्येक भिंत, खुर्ची, पडदा तपासत बसतो. कोणी वर्णन न वाचता कोड्यावर झडप घालतो. कोणी समोरच्या प्रत्येकाला चुंबन देऊन, प्रत्येक वस्तू खाऊन, जुन्या 'ॲडव्हेंचर'मधला 'झिझी' हा जादूचा शब्द (एक्स-वाय-झेड-झेड-वाय) सगळीकडे टाकून लेखकाची परीक्षा घेतो. अनेक लेखक त्या शब्दाला मुद्दाम चावट उत्तर लिहून ठेवतात. सॅम बार्लो यांचा 'आइल' (१९९९) तर अशाच लोकांसाठी आहे. सुपरमार्केटमध्ये उभ्या माणसाला एकच हुकूम द्यायचा आणि गोष्ट संपते. मग पुन्हा पहिल्यापासून, दुसरा हुकूम. शंभराहून जास्त शेवट आहेत.

घरात मुलं असतील तर घोळका करून खेळा. एकाने टाइप करायचं, एकाने मोठ्याने वाचून लगेच मराठीत सांगायचं, एकाने नकाशा काढायचा, बाकीच्यांनी ओरडायचं. इंग्रजी कच्चं असलेलं मूलही 'डावीकडचं दार, दार!' म्हणून कोडं सोडवतं. (गेमला डावी-उजवी कळत नाही, पूर्व-पश्चिम कळते. तेही त्याच्या लक्षात येतं.) एक अट: कीबोर्ड दर पंधरा मिनिटांनी पुढच्याकडे गेला पाहिजे, नाहीतर मोठा भाऊ सोडत नाही.

दृष्टिहीन खेळाडूंचा टेक्स्ट गेममध्ये फार पूर्वीपासून मोठा वावर आहे, कारण स्क्रीन रीडर सगळं वाचून दाखवू शकतो. तुम्ही किंवा घरातलं कोणी स्क्रीन रीडर वापरत असेल तर पार्सर गेमपासून सुरुवात करा. ट्वाइनच्या ज्या गेममध्ये मजकूर आपोआप ठरावीक वेळाने उमटतो किंवा नाहीसा होतो, ते सुरुवातीला टाळा.

१०. लेखकाला मदत करा

पार्सर गेममध्ये 'स्क्रिप्ट' किंवा 'ट्रान्सक्रिप्ट' टाइप केलं की तिथून पुढे तुम्ही दिलेला प्रत्येक हुकूम आणि मिळालेलं उत्तर फाइलमध्ये उतरतं. गेम नवा असेल आणि लेखकाने माहितीत तशी विनंती केली असेल तर ही फाइल त्याला पाठवा. तुम्ही कुठे अडलात, कोणता शब्द वापरून पाहिलात, हे लेखकाला दुसरीकडून कळायचा मार्ग नसतो. खेळता खेळता शेरा लिहायचा असेल तर ओळीच्या सुरुवातीला चांदणी म्हणजे * टाका. बऱ्याच गेममध्ये तो हुकूम न मानता नुसता नोंदवला जातो.

आणि सप्टेंबरची वाट बघा. आयएफकॉम ही १९९५ पासून दरवर्षी होणारी स्पर्धा तेव्हा खेळाडूंसाठी खुली होते आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते. सगळे गेम फुकट, पार्सर आणि क्लिकचे दोन्ही. परीक्षक कोणीही होऊ शकतं, स्पर्धेत स्वतःचा गेम नसला म्हणजे झालं. प्रत्येक गेम जास्तीत जास्त दोन तास खेळून एक ते दहामध्ये गुण द्यायचे. दोन तासांनंतर हवं तर पुढे खेळा, पण गुण त्या दोन तासांवरच. आणि किमान पाच गेमना गुण दिलेत तरच ते मोजले जातात, त्यामुळे सुरुवातीलाच मोठ्या गेममध्ये अडकू नका. यादीत दिलेली अंदाजे वेळ बघून अर्ध्या-पाऊण तासाचे पाच आधी निवडून ठेवा.